परक्या घरातला पहिला हिवाळा

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाची बॅग भरण्याचा सोहळा आपल्या वसईत घरोघरी थोड्याफार फरकाने सारखाच असतो. आई बाटली मसाल्याची पुडी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळते, आजी राजेळी केळ्यांची सुकेळी कोपऱ्यात सारते, कुणीतरी जपमाळ आणि पवित्र शास्त्राची लहान प्रत आणून ठेवते. वजनकाट्यावर बॅग २३ किलोंच्या वर गेली की एक स्वेटर बाहेर निघतो आणि मसाला आत राहतो. या निवडीला कुणी हसू नये, तिच्यामागे माया आहे. परंतु ज्या गोष्टीवाचून मुलाचे पहिले चार महिने कठीण जातात ती गोष्ट बॅगेत कुणीच भरत नाही, कारण ती भरता येण्यासारखी नसते. आपल्याला काय कमी पडते आहे हे परक्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगण्याची सवय, असे तिचे वर्णन करता येईल. विद्यार्थी-विनिमयाच्या निमित्ताने बाहेर जाणाऱ्या युवक-युवतींसाठी आणि त्याहूनही अधिक त्यांच्या पालकांसाठी हा लेख आहे.

प्रथम विनिमय म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. पदवी घेण्यासाठी परदेशी जाणे वेगळे आणि विनिमय-विद्यार्थी म्हणून जाणे वेगळे. विनिमयात विद्यार्थ्याचे नाव आपल्या इथल्याच शाळेत किंवा महाविद्यालयात राहते. तो एक सत्र अथवा एक वर्ष दुसऱ्या देशातील संस्थेत शिकतो, दोन संस्थांमधील करारानुसार तेथील श्रेयांक इथे धरले जातात, आणि शिक्षणशुल्क बहुधा आपल्याच संस्थेत भरायचे असते. राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र ज्याचा त्याला, शिष्यवृत्ती असेल तर तिच्यातून. युरोपीय राष्ट्रांची इरॅस्मस योजना १९८७ साली सुरू झाली. तिला ज्यांचे नाव मिळाले ते रॉटरडॅमचे इरॅस्मस हे स्वतः दीक्षित धर्मगुरू होते आणि आयुष्यभर या विद्यापीठातून त्या विद्यापीठात फिरत राहिले, ही गोष्ट आपल्या वाचकांना गमतीची वाटेल. २०१५ पासून युरोपाबाहेरील देशांतील, म्हणजे भारतातीलही, विद्यार्थ्यांना या योजनेखाली काही महिन्यांसाठी युरोपात जाता येते. शालेय वयातील मुलांसाठी रोटरीचा युवा-विनिमय आहे आणि एएफएस ही संस्था आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ही संघटना १९४७ पासून विद्यार्थ्यांना एका देशातून दुसऱ्या देशात पाठवू लागली. या दोन्हींत मुलगा वसतिगृहात राहत नाही. तो एका यजमान कुटुंबात, त्यांच्या मुलांसारखा राहतो.

यजमान कुटुंब ही कल्पना आपल्याला नवी वाटते. परंतु महाराष्ट्रातून परदेशी शिकायला गेलेल्या पहिल्या स्त्रीचा सारा प्रवास अशाच एका कुटुंबाच्या आधारावर झाला होता, आणि ती स्त्री आपल्यापासून फार दूरची नव्हती. उल्हास नदी ज्या कल्याणवरून वाहत येऊन पुढे वसईच्या खाडीला मिळते, त्या कल्याणात डॉ. आनंदीबाई जोशी लहानाच्या मोठ्या झाल्या.

त्यांचे पती गोपाळराव यांनी अमेरिकेतील रॉयल वाइल्डर या मिशनरी गृहस्थांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले होते. साहाय्याला धर्मांतराची अट जोडली गेली आणि ती जोशी दांपत्याने मान्य केली नाही. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावी राहणाऱ्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांच्या तो वाचनात आला आणि त्यांनी कोणतीही अट न घालता कोवळ्या वयाच्या, कधीही न पाहिलेल्या या मुलीला पत्र लिहिले. पुढे पत्रे वाढत गेली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आजच्या विनिमय-संस्था विद्यार्थी आणि यजमान कुटुंब यांची गाठ निघण्यापूर्वीच पत्राने किंवा व्हिडिओ कॉलने घालून देतात. इथे ते काम एका टपालाने केले, आणि तेही काही वर्षे आधीपासून. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा त्यांना नेण्यासाठी उभी असलेली बाई त्यांना अपरिचित नव्हती. त्या उन्हाळ्यात त्या रोझेलला कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. शरद ऋतूत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेऊन फिलाडेल्फियाला गेल्या. त्यांचे खरे कष्ट तिथे सुरू झाले.

हे कष्ट कोणते होते ते नीट पाहावे. त्यांच्यावर लिहिताना आपण समाजाचा विरोध, धर्माचा प्रश्न, समुद्रोल्लंघन यांबद्दल पुष्कळ बोलतो. फिलाडेल्फियात पोहोचल्यावर मात्र त्यांच्यापुढे उभे राहिले ते प्रश्न फार साधे होते. नऊवारी लुगडे नेसले की पोटऱ्या आणि कमर उघडी राहते, आणि तिकडच्या थंडीत ते अंगाला झेपणारे नव्हते. त्यांनी लुगडे टाकले नाही, नेसण्याची रीत बदलली. अंग झाकले जावे म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. जुळवून घेणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. ऑक्टोबर १८८५ मधील त्यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यात त्यांच्याबरोबर जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली या दोघी सहाध्यायिनी आहेत, आणि तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत.

जेवणाचे तसे झाले नाही. त्या शाकाहारी होत्या, आणि त्या काळच्या अमेरिकन जेवणात शाकाहारी माणसाला पुरेसे असे फारसे काही नसे. शिवाय अभ्यास सांभाळून स्वतःपुरते रांधायचे. आणि मग ती खोली. खोलीतील शेकोटी धड नव्हती. पेटवावी तर धूर कोंडे, न पेटवावी तर गारठा. म्हणजे रोज संध्याकाळी पुस्तक उघडण्यापूर्वी धूर आणि थंडी यांतले एक निवडायचे. त्यांची प्रकृती आधीपासून नाजूक होती, तिला क्षयाने ग्रासले. या तिन्ही गोष्टींपैकी कोणती किती कारण झाली, हे आज कोणी वैद्यसुद्धा ठरवू शकणार नाही. परंतु त्यांची चरित्रे वाचताना मला राहून राहून वाटते, की धर्म, जात आणि समुद्र यांच्याशी झुंजून जिंकलेल्या या तरुणीला एका नादुरुस्त शेकोटीने फार महागात पाडले.

ती शेकोटी आता राहिली नाही, पण तो प्रश्न मात्र आजही विद्यार्थ्याच्या खोलीत असतो. जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे पारा पंधरा अंशांच्या आसपास आला की आपण शेकोट्या पेटवतो. खोली आतून गरम ठेवावी लागते ही कल्पनाच आपल्याला परकी आहे. युरोपातील खोलीत खिडकीखाली लोखंडी पन्हळीसारखे गरम पाण्याचे उपकरण असते. त्याच्या चक्रीवर एक ते पाच आकडे असतात. ते अंश नव्हेत. साधारणपणे तीनवर ठेवले की खोली वीस अंशांच्या जवळपास राहते. हे न कळल्यामुळे कुणी पाचवर ठेवून वर्षाअखेरीस भले मोठे बिल भरतो, तर कुणी पैसे वाचवण्यासाठी बंदच ठेवून दोन ब्लँकेटांत कुडकुडत अभ्यास करतो. थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावल्या, त्याच खोलीत कपडे वाळत घातले आणि तिथेच भात शिजवला, की ओल बाहेर जात नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत भिंतीवर काळी बुरशी धरते. जर्मनीत घरमालक दिवसातून दोन-तीन वेळा काही मिनिटे खिडकी पूर्ण उघडायला सांगतो, ती लहर नसते. फोडणीचा धूर छतावरच्या धूरसूचकापर्यंत गेला की घंटा वाजते आणि काही वसतिगृहांत अग्निशमन दल येऊन खर्चाची पावती विद्यार्थ्याच्या हातात देते. या गोष्टी कुणी आधी सांगितल्या तर पाच मिनिटांत समजतात. न सांगितल्यास एक हिवाळा जातो.

समजा, उपकरणच बिघडले आहे. तर काय करायचे? येथे आपले संस्कार आडवे येतात, आणि ते चांगले संस्कार आहेत हीच अडचण आहे. आपल्या घरी पाहुण्याने ताटात वाढायला आल्यावर दोनदा नको म्हणायचे असते आणि यजमानाने तिसऱ्यांदा आग्रह करून वाढायचे असते. दोघांनाही हा खेळ ठाऊक असतो. यजमान कुटुंबाच्या टेबलावर वसईचा मुलगा पहिल्यांदा नको म्हणतो आणि भांडे पुढे सरकते. ते लोक कंजूष नसतात. तुझा शब्द आम्ही खरा मानला, असा त्यांचा आदर त्यात असतो. मुलगा मात्र उपाशी झोपतो आणि हे लोक प्रेमळ नाहीत असा निष्कर्ष काढतो. खोली थंड आहे हे सांगणे त्याला तक्रार वाटते, आणि ज्यांनी आसरा दिला त्यांच्याकडे तक्रार कशी करावी? त्यांच्या दृष्टीने ती साधी माहिती असते. सांगितली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करणारा येतो. रोटरीच्या आणि एएफएसच्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी यजमान कुटुंबाशिवाय आणखी एक स्थानिक सल्लागार नेमलेला असतो, तो नेमका यासाठी. विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचे कार्यालय असते. तिथे जाऊन रडायचे नसते, अमुक गोष्ट बिघडली आहे एवढेच सांगायचे असते.

परक्या देशातील या अवघडलेपणाला मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबेर्ग यांनी १९५४ साली रिओ द जानेरो येथील व्याख्यानात सांस्कृतिक धक्का या नावाने उकलून दाखवले. त्यांचे म्हणणे असे, की माणसाला धक्का बसतो तो मोठ्या फरकांमुळे नव्हे. हस्तांदोलन केव्हा करावे, टीप किती द्यावी, आमंत्रण खरे कोणते आणि तोंडदेखले कोणते, असे शेकडो लहान संकेत आपण आपल्या देशात न विचार करता पाळतो, आणि ते अचानक निरुपयोगी झाल्यामुळे माणूस गोंधळतो. मग तो पिण्याच्या पाण्याबद्दल शंका घेऊ लागतो, वारंवार हात धुतो, लहानशा उशिरावर चिडतो. १९५५ मध्ये लिसगार्ड या नॉर्वेजियन संशोधकांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास केला आणि सुरुवातीचा आनंद, मग उतार, मग पुन्हा सावरणे अशी नौकेसारखी वक्ररेषा मांडली. ती अनेक वर्षे पुस्तकांतून शिकवली गेली. परंतु १९९८ साली न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचे वर्षभर निरीक्षण करून कोलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की सर्वांत वाईट काळ उतरल्याबरोबरचाच असतो. पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. विमानतळावरचा हसरा फोटो आला म्हणजे मुलगा आनंदात आहे असे नाही. एका सत्रासाठी गेलेल्या विद्यार्थ्याजवळ पाच महिने असतात. सावरायला तीन लागले तर विनिमय म्हणून उरतात दोन. म्हणून पहिल्या पंधरवड्यात कोणी जवळ असणे फार मोलाचे.

भाषेचा प्रश्न आपण वसईकर जरा हलका समजतो, कारण घरात एक बोली, शाळेत मराठी, महाविद्यालयात इंग्रजी आणि लोकलमध्ये हिंदी अशा चार भाषांत आपली मुले वाढतात. हे भांडवल खरेच आहे. जर्मन भाषेत परक्यासाठी आणि जवळच्यासाठी दोन संबोधने आहेत हे ऐकून इंग्रजी मुलगा गडबडतो. तू, तुम्ही आणि आपण यांत वाढलेल्या मुलाला ते लगेच उमगते. उलट नेदरलँड्समध्ये प्राध्यापकाला नुसत्या नावाने हाक मारायची, हे त्याला पहिल्या महिन्यात काही केल्या जमत नाही, त्याची जीभ सर म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. या दोहोंत त्याने स्वतःवर हसायला शिकावे.

या बाबतीत आपल्याजवळ चारशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचे वसईतले शिक्षण जेजुइट धर्मगुरूंच्या हाताखाली झाले आणि साधारण पंधराव्या वर्षी ते त्यांच्यापैकी एकाबरोबर जपानला गेले. तेथे ते इतक्या लवकर जपानी शिकले की आठ वर्षे त्यांनी लोकांना त्यांच्याच भाषेत धर्मशिक्षण दिले. नंतर काही काळ व्यापार करून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर पुन्हा जपानला आले, ते सम्राटाइतका प्रबळ असलेल्या हिदेयोशीसमोर दुभाषा म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी पत्करलेले हौतात्म्य आपण दरवर्षी स्मरतो. त्यांच्या भाषेकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. पोरवयात बाजारात, स्वयंपाकघरात, मुलांच्या घोळक्यात ऐकून शिकलेली भाषाच राजासमोर उपयोगी पडते. वर्गात शिकलेल्या भाषेत व्याकरण पक्के असते, पण विनोद कळत नाही. विनिमयाला गेलेला विद्यार्थी जर संध्याकाळी दार लावून भारतीय मित्रांच्याच गटात बसला, तर वर्ष सरेल आणि भाषा दाराबाहेरच राहील. आपल्या लोकांचा आधार पूर्णपणे सोडावा असे मी म्हणत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या माणसांची असावी.

युरोपातला रविवार वसईच्या मुलाला सर्वांत परका वाटतो. आपल्याकडे मिस्सा संपली की पापडीच्या किंवा माणिकपूरच्या रस्त्यावर जत्रा असते, मासळी घ्यायची, कुणाकडे डोकवायचे. जर्मनीत रविवारी कायद्यानेच दुकाने बंद असतात. शनिवारी संध्याकाळी दूध-पाव आणून ठेवायचे सुचले नाही तर रविवार स्टेशनवरच्या महाग दुकानातून निभवावा लागतो. मोठ्या आवाजात संगीत नाही, यंत्रे नाहीत, बाटल्यांच्या पेटीत काच टाकणेही नाही. त्या शांततेत घरची आठवण फार येते. देवळात गेले तर तेथेही थोडी माणसे, बहुतेक वयस्क. पण भाषा न समजताही मिस्सा समजते. कोणत्या क्षणी उभे राहायचे, आता स्तोत्र, आता शुभवर्तमान, आता शांतीचा नमस्कार, हे सारे शरीराला ठाऊक असते. पंधरा दिवसांत प्रभूची प्रार्थना त्या भाषेत पाठ होते, आणि ती त्याची परक्या भाषेतील पहिली सलग वाक्ये ठरतात. जर्मनीतील विद्यापीठांच्या गावी कॅथलिक विद्यार्थ्यांचा स्वतंत्र समुदाय असतो. इंग्रजी भाषिक देशांत न्यूमन केंद्रे असतात. त्यांतले पहिले न्यूमन मंडळ १८९३ मध्ये फिलाडेल्फियाच्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्थापन झाले, आनंदीबाईंनी ते शहर सोडल्यानंतर सात वर्षांनी.

याच संदर्भात एक व्यवहाराची गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ती आपल्या मुलांना आधी कोणी सांगत नाही. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक असे लिहिले की पुढे मिळकतीवर आयकर लागू झाल्यास त्या आयकराच्या ८ टक्के बव्हेरिया व बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांत आणि ९ टक्के इतर राज्यांत चर्च-कर म्हणून वळता होतो. ज्याला आयकरच द्यावा लागत नाही, आणि विनिमय-विद्यार्थी बहुधा त्यांतच मोडतो, त्याला काही भरावे लागत नाही. रकान्यात खोटे लिहिण्याचे कारण नाही. पण पगारी काम धरल्यावर पावतीत ही कपात पाहून दचकणाऱ्याला आपण आधी सांगितलेले बरे.

अन्नाच्या आणि धर्माच्या बाबतीत पंडिता रमाबाईंचा अनुभव ख्रिस्ती वाचकाने आवर्जून जाणून घ्यावा. आनंदीबाई ज्या वर्षी अमेरिकेला गेल्या त्याच वर्षी रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहायला गेल्या. त्यांचा विनिमय शब्दशः विनिमय होता. त्या इंग्रजी शिकत, आणि मोबदल्यात भारतात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना आपल्याकडची भाषा शिकवीत. वैद्यक शिकण्याची त्यांची इच्छा कानांच्या दुखण्यामुळे पुरी झाली नाही, आणि पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या व शिकवूही लागल्या. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र त्यानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि त्यांच्या मार्गदर्शक भगिनींना हा जुन्या जातीचा अभिमान वाटला. रमाबाईंनी पत्रातून ठामपणे कळवले, की ख्रिस्तावरील श्रद्धेच्या आड न येणारे आपल्या पूर्वजांचे रीतिरिवाज आपण शक्य तोवर पाळणार. किती स्वच्छ उत्तर! त्या गप्प बसल्या नाहीत, अन्न नाकारून रुसल्याही नाहीत, कारण सांगून मोकळ्या झाल्या. नंतर त्या अमेरिकेत गेल्या आणि परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. त्यात अमेरिकेतील शाळा, घरे, स्त्रियांच्या संस्था यांची बारकाईने केलेली पाहणी आहे. एखाद्या देशात आपण उपरे न राहता राहिलो की तो असा दिसतो.

आता पालकांबद्दल. पूर्वी पत्राला महिना लागे, आज व्हॉट्सअ‍ॅपवर चेहरा दिसतो. मध्य युरोपातील घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असते, कारण मार्चच्या व ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे-मागे करतात. ऑक्टोबरनंतर मुलाचा फोन तासभर उशिरा येऊ लागला की आजी काळजीत पडतात, म्हणून हे लिहिले. परंतु फोन वाढल्यामुळे बोलणे वाढले असे मात्र नाही. जेवलास का, या प्रश्नाचे उत्तर हो असेच येते. बरा आहेस ना, याचेही हो. मुलाला आईची काळजी वाढवायची नसते, आईला मुलाचा धीर खचवायचा नसतो, आणि दोघांच्या मायेतून खोलीतील थंडी कुणालाच कळत नाही. त्यापेक्षा विचारावे, की आज दुपारी नेमके काय खाल्लेस, खिडकीखालचे यंत्र कितीवर ठेवतोस, या आठवड्यात कुणा नव्या माणसाशी बोललास का, संध्याकाळी किती वाजता अंधार पडतो. डिसेंबरमध्ये बर्लिनला दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो. वर्षभर ऊन पाहिलेल्या मुलाचे मन त्या अंधारात उगाच उदास होते, आणि त्याला ते स्वतःचे दुबळेपण वाटते. त्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे हे ज्याने घरबसल्या त्याला सांगितले, त्याने औषधाइतके काम केले. आणि उदासी आठवड्यांमागून आठवडे टिकली, झोप व भूक गेली, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जायला त्याला आग्रहाने सांगावे. हा एक आग्रह तिसऱ्यांदा करायलाही हरकत नाही.

शेवटी परतण्याबद्दल. १९६३ मध्ये गलाहॉर्न पतिपत्नींनी दाखवून दिले, की परदेशातून घरी आल्यावर तोच उतार आणि तीच चढण पुन्हा एकदा वाट्याला येते. परत आलेला मुलगा काही दिवस गोंगाटाने वैतागतो, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकू लागतो, न विचारता खोलीत शिरणाऱ्या काकांवर रागावतो. परदेशी वारे लागले, असे आपण लगेच म्हणतो. त्याला दोन-तीन महिने द्यावेत आणि त्याने जे पाहिले ते ऐकावे. ऐकणारे कुणी नसले की त्याचा तो वर्षभराचा अनुभव बॅगेबरोबर माळ्यावर जातो.

आनंदीबाईंना तो वेळही मिळाला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला आल्या होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांच्यासाठी ठरले होते. त्या वर्षाच्या अखेरीस आनंदीबाई मायदेशी आल्या त्या आजारी अवस्थेतच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या घरातील माणसांच्या कबरींशेजारी, आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही उभा आहे.